रेडिओले अर्थ

॥ श्री ॥

धाड, ता. १४ जानेवारी १९६४

चिरंजीव उत्तम यास हिंमतरावमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझी मामी खुशाल, गाय व्याली, गोऱ्हा झाला, मिरची यंदा बरी आली. पत्र लिहाले कारण असं की मले रेडिओ पाह्यजे.

तयार रेडिओ नको. चिखलीच्या दुकानदारानं त्याची किंमत सांगतली, ती ऐकून मी त्याच्याच माठातलं पाणी पेलो अन् परत आलो. तू लिहिलं होतं की नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात रेडिओ बनवाले शिकून राह्यला. मंग बनव. मिरचीचे आले तेवढे पैसे मनिऑर्डरनं पाठवले आहेत. त्याच्यावर एक छदाम भेटणार नाही. पेटी इथं कडूबा सुतार करून देईल, तिचा खर्च धरू नको.

आपल्या गावात वीज नाही, म्हणून बॅटरीवर चालला पाह्यजे. सिलोन नको, दिल्ली नको, एक नागपूर लागलं की झालं. बाजारभाव नागपूरहून सांगतात. एप्रिलच्या १९ तारखेच्या आत सेट इथं पाह्यजे. त्या तारखेचं काही विशेष नाही, आपली एक तारीख.

रेडिओ ठेवाले लागते ते लायसन काढून ठेवलं. पोस्टमास्तर म्हणे, आधी रेडिओ कुठाय ते सांगा. मी म्हटलं, मांडवाचं सामान आधी येते, नवरदेव मागून येतो.

शेजारी रंगरावकडे रेडिओ आहे, तिथं जाऊन ऐका, असं मात्र लिहू नको. त्याच्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून माझ्या अंगणात येत होतं, ते मी पंचायतीत जाऊन बंद करवलं हे तुले माहीत आहे. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं नाही, अन् ओसरीवर बसणं तर त्याच्या पुढचं झालं.

कळावे. लोभ आहेच. रेडिओ येईपर्यंत तू तो कमी करू नये.

तुझा मामा,
हिंमतराव

---

॥ श्री ॥

नागपूर, ता. २७ जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार. ती. मामींनाही. वि. वि.

पत्र आणि पैसे पोचले. गोऱ्ह्याचं नाव काय ठेवलं ते लिहिलं नाही.

मामा, रेडिओचे भाग आणणं म्हणजे पिशवी घेऊन बाजाराला जाणं नाही. इथं प्रत्येक भाग दुसऱ्याला मानवावा लागतो. रेडिओत काचेचे दिवे असतात, अंगठ्याएवढे. दुकानदार त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ते जेवढ्या व्होल्टचे, तेवढ्याचीच बॅटरी लागते. मग दिव्यांना साजेसा ट्रान्सफॉर्मर, त्याला साजेसा स्पीकर. एक जरी विजोड निघाला तर बाकीचे सगळे चांगल्या घरचे असूनही गप्प बसतात. मी सीताबर्डीवरची दुकानं अशी हिंडलो की एका दुकानदारानं मला मुलगी पाहायला आलात का, असं विचारलं.

आपल्याला एक नागपूरच लागायचं आहे म्हटल्यावर दूरची स्टेशनं धरणारी शॉर्टवेव्हची कॉइल वाचली. ती वाचली म्हणून दिवे नवे कोरे घेता येतील. स्टेशन फिरवायचा भाग एका मोडक्या सेटमधला काढून घेतो. स्पीकर जुनाच आहे, पण वाजवून घेतला. पेटीत वाटेल तेवढी काटकसर करा, दिव्यांत मला करायला सांगू नका.

१९ एप्रिलचं काही विशेष नाही असं आपण लिहिलंत. मीही तसंच समजून चालतो. फक्त कळवून ठेवतो की त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला आपली कोकिळाताई नागपूर केंद्रावरून जात्यावरच्या ओव्या म्हणणार आहे. त्या वेळी बाजारभाव सांगत नाहीत.

मी रविवारी तिच्याकडेच जेवायला असतो. मागच्या वर्षीच्या तुमच्या कार्डानंतर ती तुमचा विषय काढत नाही, अन् मी काढला तर भाजीत मीठ घालायला उठून जाते. मग ती भाजी मला खावी लागते. हिंमतरावची पोरगी गाणेवाली झाली हे मी बाजारात कोणत्या तोंडानं सांगू, हे वाक्य निदान पाकिटात घालून पाठवायचं होतं, मामा. कार्ड होतं म्हणून पोस्टमननंही वाचलं. तुमचे जावई वामनराव पडले मास्तर, त्यांनी त्यातलं शुद्धलेखन तेवढं दुरुस्त केलं.

असो. लोभ असावा, आणि पुढं कार्ड नसावं.

आपला आज्ञाधारक,
उत्तम

---

॥ श्री ॥

धाड, ता. २० फेब्रुवारी १९६४

चि. उत्तम यास आशीर्वाद.

कोण कवा गाते, काय गाते, त्याच्याशी मले घेणं नाही. ओव्या मी घरच्या जात्यावर लय ऐकल्या, त्याले लायसन लागत नव्हतं. तू आपलं रेडिओचं पाह्य.

आनंदाची बातमी अशी की दिव्यांचे पैसे मी वाचवले. जालन्याले बियाणं आणाले गेलो होतो. तिथं एक माणूस लष्कराच्या लिलावातलं सामान मांडून बसला होता. तुझे दिवे अंगठ्याएवढे, त्याचे वांग्याएवढे, अन् भाव निम्मा. चार घेतले. काच पुसून पाह्यली, कुठं तडा नाही. आत कापसासारखं काही नाही, भुंगा नाही. तुझे अंगठ्याएवढे दुकानदाराले परत कर. हे चार येत्या मंगळवारी तिकडं येणाऱ्या माणसासोबत पाठवतो.

एवढ्या मोठ्या दिव्याचा आवाज रंगरावच्या ओसरीपर्यंत गेला तर माझा इलाज नाही.

लोभ वाढवाले हरकत नाही.

हिंमतराव

ता. क. उत्तम, पत्र पेटीत टाकाले मी चालली, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. हे वाचून हसू नको रे बापा. संक्रांतीच्या आधीच्या बाजारात रंगरावनं चार माणसांसमोर म्हटलं की हिंमतराव, पोरीचं गाणं ऐकाले एप्रिलच्या १९ तारखेले आमच्या ओसरीवर या, चहा पण पाजू. तेव्हापासून यांनी रेडिओचं खूळ घेतलं. त्याच्या ओसरीवर हे मेले तरी जाणार नाहीत. अन् पोरीचं गाणं चुकलं तर जन्मभर स्वतःले खातील, मले माहीत आहे. पोरीले पत्र लिहाले बसतात, आशीर्वादापर्यंत जातात, अन् दौत झाकून ठेवतात. तिच्याकडे जायाचा यांच्याजवळ आता एवढाच रस्ता आहे. तू रेडिओ बोलता कर. मामी.

---

॥ श्री ॥

नागपूर, ता. ५ मार्च १९६४

ती. मामांना आणि ती. मामींना सा. नमस्कार. वि. वि.

वांग्याएवढे दिवे मिळाले. ते खरंच मोठे आहेत. ते विजेवर चालणाऱ्या सेटचे आहेत, सहा व्होल्टचे. आपली दिव्यांची बॅटरी दीड व्होल्टची. तिच्यावर ते पेटायचे नाहीत, नुसते बसून राहतील.

मामा, तुम्ही बैल घ्यायला जाता तेव्हा नुसता बैल पाहता का? घरचा एक गोठ्यात उभा असतो, त्याच्याशी उंची जुळते का, चाल जुळते का, ते पाहता. एक ओढतो अन् दुसरा रेंगाळतो अशा जोडीनं वखर वाकडं जातं, हे तुम्हीच मला शिकवलं. जालन्यात तुम्ही नुसती शिंगं पाहिलीत. दिवे परत पाठवतो आहे. मामींनी ते फळीवर ठेवावेत, शोभा येईल.

सेट तयार झाला. काल माझ्या खोलीत नागपूर लागलं. नागपुरात नागपूर लागणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, तरी मी घरमालकांना पेढा दिला. सेट टोपलीत गवत घालून, अंड्यांसारखा बांधून धाडच्या एसटीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ दिला आहे. पेटीत बसवल्यावर दोनच गोष्टी करायच्या. एरियलची तार उंच झाडावर लावायची, आणि अर्थ नीट लावायचा. अर्थ लागला नाही तर सेट नुसता पुटपुटेल. माझी वर्गाची परीक्षा आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

मामी, तुमचं ता. क. वाचून हसलो नाही.

लोभाची जोडी अशीच लागलेली असावी.

उत्तम

---

॥ श्री ॥

धाड, ता. ३० मार्च १९६४

चि. उत्तम यास आशीर्वाद. वि. वि.

सेट पोचला. एकही अंडं फुटलं नाही. कडूबानं सागाची पेटी केली. स्पीकरचं भोक त्यानं स्वतःच्या वितीनं मोजलं, अन् माप मी माझ्या वितीनं सांगतलं होतं. जी फट उरली तिले तुझ्या मामीनं जुन्या लुगड्याचं कापड लावलं. दिसाले रेडिओ नवरीसारखा दिसते.

एरियल लिंबावर लावलं. त्याच्यावर कावळे बसतात, त्यांनी काही बिघडत नाही.

अर्थ लावणं चालू आहे. तू म्हटलं तसाच तो पुटपुटते. मी पेटीले कान लावून बसतो. पहिल्या दिवशी खत असा एक शब्द आला. दुसऱ्या दिवशी माननीय असा आला. दोन्हीचा मिळून अर्थ लावून पाह्यला, लागला नाही. शाळेतल्या गुरुजींले बोलावलं. ते म्हणे मागचा पुढचा संदर्भ पाह्यजे. भजनी मंडळातले भगवंतराव आले. ते म्हणे एका ओळीचे दहा अर्थ लागतात, तुम्ही कोणता लावला? मी तीन लावून पाह्यले. आवाज तसूभर वाढला नाही.

उत्तम, मले एक सांग. बोलणं रेडिओचं काम, अर्थ लावणं आमचं काम, इथपर्यंत समजते. पण आधी अर्थ लावा अन् मंग तो बोलेल, हे काऊन? माणसं बी असं करत नाहीत. माणूस आधी बोलते, अन् त्याचा अर्थ लागाले वर्ष जाते.

रंगराव भिंतीपलीकडून त्याचा रेडिओ मोठ्यानं लावून राह्यला. त्याचा अर्थ मले बरोबर लागला.

मले काही घाई नाही. पत्र भेटल्याबरोबर त्याच टपालानं उत्तर पाठव.

हिंमतराव

---

॥ श्री ॥

नागपूर, ता. ६ एप्रिल १९६४

ती. मामांना सा. नमस्कार.

मामा, माझं चुकलं. गुरुजींची आणि भगवंतरावांची माझ्या वतीनं माफी मागा.

अर्थ म्हणजे माती. इंग्रजीत जमिनीला अर्थ म्हणतात, आणि रेडिओवाले मराठी बोलतानाही तसंच म्हणतात. आम्ही दिवसभर अर्थ लावा, अर्थ लावा म्हणत असतो, तो दुसरा कुणी वेगळा लावील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सेटच्या मागं दोन खुंट्या आहेत. एकीला एरियल आहे. दुसरीला तार बांधा, तिचं टोक तांब्याच्या पत्र्याला जोडा, फुटक्या घागरीचा चालेल, आणि तो पत्रा हातभर खोल ओल्या मातीत पुरा. माती ओली पाहिजे आणि गाणं संपेपर्यंत ओली राहिली पाहिजे. कोरड्या मातीत पुरलात तर काही उपयोग नाही. आणि जागा घराला लागून पाहा, तार लांब जायला नको.

मी ही अर्थाची गोष्ट कोकिळाताईला सांगितली. ती इतकी हसली की पोळी करपली. मग तशीच चुलीपाशी पदर डोळ्यांना लावून बसली. थोड्या वेळानं विचारलं, बाबा ऐकणार आहेत का? वर्षभरात तिच्या तोंडून बाबा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, ते बाजारभाव ऐकणार आहेत.

त्या दिवशी तिनं भाजीत मीठ बरोबर घातलं. लोभ असावा, ओला असावा.

उत्तम

---

॥ श्री ॥

धाड, ता. २२ एप्रिल १९६४

चि. उत्तमले सत्यभामामामीचे लाख आशीर्वाद.

तुझे मामा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. सगळं झालं ते सांगते.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं. मंग म्हणे, जमिनीले अर्थ म्हणणारे लोक अगदीच वेडे नसतील. अन् खणाले लागले. पण ओल कुठून आणावी? विहिरीनं तळ दाखवला, प्यायचं पाणी मळ्यातून बंडीवर आणतो. यांनी अंगण खणलं, गोठा खणला. पाणी ओतलं की घटकाभरात फुफाटा. तुळशीपाशी खणाले निघाले तेव्हा मी आडवी उभी राह्यली.

घराले लागून ओल एकाच जागी होती. भिंतीच्या पलीकडे, रंगरावच्या केळीत. आपल्या अंगणात येणारं ते न्हाणीचं पाणी यांनीच भांडून बंद करवलं होतं ना, ते त्यानं त्याच्याच अंगणात वळवून केळी लावल्या. भिंतीतलं मोरीचं भोक यांनी स्वतःच्या हातानं दगड-चुन्यानं बुजवलं होतं. १८ तारखेले यांनी स्वतःच पहार घेतली अन् तार पलीकडे न्याले ते मोकळं केलं.

मी भिंतीवरून अन्नपूर्णाबाईले सांगतलं, तिनं तिच्या नवऱ्याले सांगतलं. रंगराव म्हणे, पत्रा पुरा, केळीचं काही जात नाही. पण हिंमतरावच्या रेडिओले मी पाणी घालत बसणार नाही, मले बी इज्जत आहे. अन् मंग म्हणे, माझ्या न्हाणीत मी कवा आंघोळ करावी, हे मात्र पंचायत ठरवत नाही.

१९ तारखेले साडेसहाले रंगराव आंघोळीले बसला. सकाळची एक झाली होती. इकडं आपल्या ओसरीवर सारी गल्ली. यांनी खुंटी फिरवली अन् नागपूर असं लागलं रे, जसं कोणी घरात येऊन बोलून राह्यलं. रेडिओतल्या बाईनं कोकिळाचं नाव घेतलं अन् माझी पोरगी गाऊ लागली. माझ्याच ओव्या, मीच शिकवलेल्या. मधात एक तिची स्वतःची होती, ती मले बी माहीत नव्हती:

धाडाच्या बाजारामंधी, बाप माझा मिरच्या तोले
मापाच्या वरतून, मूठ एक जास्त घाले

हे उभे राह्यले. टोपी काढली, परत घातली. अन् सगळ्यांसमोर रडले, उत्तम. लग्नात पोरगी वाटे लावली तेव्हा रडले नव्हते, ते ओसरीवर उभ्यानं रडले. तेवढ्यात आवाज बारीक झाला. खरं का खोटं देव जाणे, पण यांनी भिंतीकडे तोंड करून ओरडून सांगतलं की रंगराव, अजून एक गंगाळ घे. तीन वर्षांनी त्याच्याशी हा पहिला शब्द. तिकडून तो ओरडला की डोक्याले साबण आहे, थांबा जरा. मंग पाण्याचा आवाज आला, अन् पोरीचा बी आला.

गाणं संपेपर्यंत तो न्हाला. आता सर्दीनं पडला आहे. मी सुंठीचा काढा देऊन आली. हे बी सोबत आले होते, दारापर्यंत.

तुले काय देऊ बाळा? ये, पुरणाच्या पोळ्या करते. गोऱ्ह्याचं नाव नागपूर ठेवलं.

तुझ्यावर जीव लावून असलेली,
मामी

---

॥ श्री ॥

धाड, ता. ३० एप्रिल १९६४

चिरंजीव सौभाग्यवती कोकिळा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंस रामराम.

पत्र पाकिटात घालून पाठवून राह्यलो. शुद्धलेखन जावईबापूंनी पाहून घ्यावं, पण मले कळवू नये.

तुझं गाणं ऐकलं. आवाज साफ आला. मधात तू श्वास घेतला तो पण आला. रेडिओतल्या बाईनं तुझं नाव सांगतलं, जावईबापूंचं सांगतलं, राहणार नागपूर म्हणून सांगतलं. माहेर धाड, हे काही सांगतलं नाही. पुढच्या वेळी तिले सांगजो. पुढची वेळ कवा आहे ते पण कळवजो, रंगरावले आधी सांगावं लागते.

दुसरी गोष्ट तक्रारीची आहे. तू गाण्यात म्हटलं की बाप मापावर मूठ जास्त घालते. मी कधीच घातली नाही. ती तुझी आई घाले, मी तोंड फिरवलं की. तू लहान होती, मागं गोणपाटावर बसून राहे, तुले त्या गर्दीत हात कोणाचा ते दिसलं नसेल.

आता परवाच्या बाजाराचं सांगतो. पहिल्याच बाईनं वाळल्या मिरच्यांचं माप घेतलं अन् पिशवी उघडीच धरून उभी राह्यली. मी म्हटलं, काय राह्यलं? ती म्हणे, रेडिओवरची मूठ. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. रंगराव बी पिशवी घेऊन आला. तो म्हणे मले दोन पाह्यजेत, एक गाण्याची अन् एक सर्दीची.

मी मागच्या वर्षी तुले लिहिलं होतं की बाजारात कोणत्या तोंडानं सांगू. तर पोरी, मले सांगावंच लागलं नाही. बाजारच मले सांगून राह्यला, अन् मी हाव, हाव, माझीच पोरगी, म्हणून राह्यलो. तोंड हेच होतं, जुनंच.

मिरच्या दुपारीच संपल्या. तुझी आई पदरात तोंड घालून हसत होती. मी हिशोब करून पाह्यला, परवडत नाही. पण एवढ्या लोकांनी तुझ्या तोंडून ऐकलं. आता मी हात आखडला तर तू खोटी पडशील. म्हणून मूठ घालतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघंही या. लोभ मापून नाही, वरून मूठ घालून आहे.

तुझा बाप,
हिंमतराव
मु. पो. धाड